सोमवारी सकाळी मेलेला मासा : नाशिकमधील एका घरगुती टाकीतील पिरान्हांच्या आक्रमकतेचे प्रकरण

इंदिरानगरमधील एका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरातून एप्रिलच्या मध्यावर मला बोलावणे आले, तेव्हा तेथील टाकीत लाल पोटाचे सहा पिरान्हा होते. तीन आठवड्यांपूर्वी ते सात होते. सातवा एका सोमवारी सकाळी तळाशी पडलेला आढळला, आणि त्याच्या शेपटीकडचा जवळजवळ अर्धा भाग उरलेला नव्हता. त्यानंतर आणखी एकाचा डावा डोळा गेला होता आणि इतर दोघांच्या शेपटीच्या परांना अर्धगोल खाचा पडल्या होत्या. टाकीमालक खासगी कंपनीत नोकरी करणारे, चाळिशीतले गृहस्थ. मासे त्यांनी दीड वर्षापूर्वी, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे असताना आणले होते आणि ते आता वीतभर झाले होते. मी देखभालीची कामे करतो ती बहुतेक गोल्डफिश, फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना यांच्या टाक्यांची. पिरान्हाची टाकी क्वचितच वाट्याला येते, आणि कोणी विचारले तर मी हा मासा घरी आणू नका असेच सांगतो. परंतु येथे मासे आधीच घरात होते आणि प्रश्न त्यांना एकमेकांपासून वाचवण्याचा होता.

पहिले काम ओळख पटवण्याचे होते. आपल्याकडे पिरान्हा म्हणून विकला जाणारा मासा अनेकदा पाकू असतो, जो मासळी बाजारात रूपचंद या नावाने मिळतो. लहानपणी दोघांचे पोट सारखेच तांबूस असते आणि अंगकाठीही मिळतीजुळती असते. फरक तोंडात कळतो. पाकूचे दात माणसाच्या दाढांसारखे चपटे, फळे व बिया फोडण्याजोगे असतात, तर पिरान्हाचा खालचा जबडा पुढे आलेला आणि दात त्रिकोणी, एकमेकांत अडकून कात्रीसारखे चालणारे असतात. मालकांनी मेलेला मासा पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवला होता (घरातील वहिनींनी याबद्दल काय म्हटले ते येथे लिहिण्याची गरज नाही), त्यामुळे जबडा उघडून पाहता आला. तो पिरान्हाच होता, म्हणजे पायगोसेन्ट्रस नॅटरेरी. १८५८ साली रूडॉल्फ क्नेर यांनी या माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि ब्राझीलमध्ये दीर्घकाळ भटकंती केलेल्या योहान नॅटरर या ऑस्ट्रियन निसर्गअभ्यासकाचे नाव त्याला दिले.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच होती. गणिताने तिच्यात सुमारे ३४० लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली तर प्रत्यक्षात तीनशेच्या आसपास. एवढ्या आकाराच्या प्रत्येक पिरान्हाला किमान ७५ लिटर पाणी द्यावे असा पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण हिशेब आहे. त्या हिशेबाने ही टाकी चार माशांची होती. जागा अपुरी आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळले, आणि केवळ तेवढ्यावर अहवाल देऊन मी परत आलो असतो तरी चुकीचे ठरले नसते. परंतु जागा अपुरी तर गेले सहा-आठ महिने होती. मग मासे एकमेकांना मार्चअखेरीसच का खाऊ लागले, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नव्हते.

मालकांचे स्वतःचे निदान भुकेचे होते. मासा माशाला खातो म्हणजे त्याला पोटभर मिळत नाही, या समजुतीने त्यांनी खाणे दुप्पट केले होते. कोण हल्ला करतो ते दिसावे म्हणून टाकीतील लाकडाचा मोठा ओंडका आणि प्लास्टिकची झाडे काढून टाकली होती आणि पांढरा एलईडी दिवा रात्री अकरापर्यंत चालू ठेवला होता. दुकानदाराच्या सल्ल्याने ‘राग वाटला जावा’ म्हणून दोन छोटे पिरान्हाही आणून सोडले होते. ते दुसऱ्या सकाळी दिसले नाहीत. हे सारे उपाय कळकळीने केलेले होते आणि त्यांतील प्रत्येकाने प्रकरण थोडे आणखी बिघडवले होते.

उलगडा व्हायला सुरुवात झाली ती वारांवरून. पहिला मासा सोमवारी मेलेला मिळाला. डोळा गेलेला दिसला तोही सोमवारीच. खाचांच्या तारखा मालकांना आठवत नव्हत्या, पण त्यांच्या आई दिवाणखान्यात, टाकीपासून चार हातांवर झोपतात, त्या म्हणाल्या, “रविवारी रात्री टाकीतनं टकटक येते. बाकीच्या दिवशी एवढी नाही येत. मी याला दोनदा सांगितलं, हा म्हणतो फिल्टरचा आवाज आहे.” आजींच्या या वाक्याकडे मी दुर्लक्ष केले नाही, कारण पिरान्हा आवाज करतात ही गोष्ट नोंदवली गेलेली आहे. सँडी मिलो आणि त्यांच्या बेल्जियममधील सहकाऱ्यांनी २०११ मध्ये या माशाचे तीन प्रकारचे आवाज वर्णिले : समोरासमोर उभे राहून धमकावताना भुंकण्यासारखा, खाण्यावरून गोल फिरत झुंजताना ढोलकीच्या थापेसारखा, आणि पाठलाग करताना नुसते दात आपटल्याचा. पहिले दोन हवेच्या पिशवीशी जोडलेल्या स्नायूंच्या जलद आकुंचनाने निघतात, तिसरा जबड्याचा. आजींनी ऐकलेली टकटक दातांचीच होती की उसळलेल्या माशाने काचेवर उडवलेल्या खड्यांची, हे ठामपणे सांगता येणार नाही. पण रात्र त्यांनी अचूक सांगितली होती.

रविवारी या घरात टाकीच्या बाबतीत काय काय घडते ते मी मालकांकडून क्रमाने विचारून घेतले आणि पुढच्या रविवारी स्वतः बसून पाहिले. सुट्टीचा दिवस असल्याने टाकीची साफसफाई त्याच दिवशी होई, आणि तीही दुपारी बाराच्या सुमारास. अर्धे पाणी काढले जाई. टाकीतील उरलेसुरले दगड, कुंडीचे तुकडे बाहेर काढून, घासून, मालकांना आवडेल तसे नव्या जागी मांडले जात. फिल्टरमधला स्पंज नळाच्या धारेखाली पांढरा होईपर्यंत पिळला जाई. मग गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी नळीने सोडले जाई. संध्याकाळी, घरी मासे आणलेले असत म्हणून त्यांची मुंडकी आणि आतडी एकाच गोळ्याने टाकीच्या मध्यभागी टाकली जात, आणि घरातील मुले तो प्रसंग पाहायला जमत.

यांतील प्रत्येक गोष्टीला मोजमाप लावले. नाशिकच्या एप्रिलमधील उन्हात दुपारी एक वाजता गच्चीवरच्या टाकीतून आलेले पाणी ३९ अंश सेल्सिअस भरले. मत्स्यालयातील पाणी सकाळी २९ अंश होते. अर्धे बदलल्यावर ते ३४ वर गेले. हा मासा २४ ते २८ अंशांच्या पाण्यात सुस्थितीत राहतो. पाणी तापले की थंड रक्ताच्या प्राण्याची शरीरक्रिया वेगावते, त्याला प्राणवायू अधिक लागतो, आणि त्याच वेळी पाण्यात विरघळलेला प्राणवायू मात्र कमी होतो. दुसरी बाब स्पंजची. गंगापूर धरणातून येणारे आणि शुद्धीकरण होऊन घरी पोचणारे पाणी क्लोरीनयुक्त असते. ते आपल्यासाठी योग्य असले तरी स्पंजमध्ये वाढलेले, माशांच्या उत्सर्जनातून येणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्या धारेखाली मोठ्या प्रमाणात मरतात. रविवारी सकाळी अमोनियाची चाचणी शून्य दाखवत होती, सोमवारी सकाळी १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. पाण्याचा सामू (पीएच) ७.८ होता, आणि सामू व तापमान जितके जास्त तितका अमोनियाचा विषारी अंश अधिक; म्हणजे तोच आकडा थंड, किंचित आम्ल पाण्यात जेवढा त्रास देतो त्याहून येथे कितीतरी जास्त देत होता. मासे कल्ल्यांची जळजळ सहन करत, तापलेल्या पाण्यात धापा टाकत, अंधार पडण्याच्या वेळी मुंडक्यांच्या एकाच गोळ्याभोवती खांद्याला खांदा लावून उभे राहत होते.

आणि दगडांची मांडणी. मला वाटते, या प्रकरणातील सर्वांत दुर्लक्षित बाब हीच होती. टाकीतील पिरान्हांमध्ये कोण मोठा, कोणाची जागा कोणती, हे ठरलेले असते. ते ठरताना झटापटी होतात आणि एकदा ठरले की बऱ्याच अंशी थांबतात, कारण कनिष्ठ मासा नजर आली की बाजूला होतो. येथे दर रविवारी सगळ्या खुणा पुसल्या जात होत्या, त्यामुळे दर रविवारी रात्री तेच भांडण पुन्हा पहिल्यापासून लढले जात होते. आपल्या घरातील खोल्या कोणी दर आठवड्याला बदलून दिल्या तर सख्खे भाऊही भांडतील.

माशांना ओळखण्यासाठी मी वहीत नावे घातली. सर्वांत मोठा आणि पाठीच्या पराला कोयंडा असल्यासारखा दिसणारा तो ‘थोरला’, डोळा गेलेला ‘काणा’, सर्वांत लहान ‘धाकटा’. उरलेल्या तिघांना शेपटीवरील खाचांच्या संख्येवरून. शनिवारी रात्री टाकीचा दिवा बंद झाल्यानंतरच्या अर्ध्या तासात मला चार पाठलाग दिसले. रविवारी त्याच अर्ध्या तासात एकतीस. त्यांतील वीस थोरल्याने सुरू केले, आणि त्या वीसपैकी बहुतेक वेळा तो ज्या कोपऱ्यातून निघाला तो फिल्टरच्या तोंडाजवळचा, टाकीतील एकमेव अंधुक कोपरा होता. काणा आणि धाकटा यांना मागे सरायला जागाच नव्हती. काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहाही मासे सहाही माशांना सतत दिसत होते. खाण्याच्या क्षणी मात्र, जो क्षण मुलांना भयंकर वाटत असे, एकही चावा माशाला लागलेला मला दिसला नाही. चावे नंतर लागले, पोट भरल्यावर.

या माशाची ख्याती मुळात खाण्याच्या त्या क्षणावरच उभी आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१३-१४ च्या ब्राझील मोहिमेनंतर लिहिलेल्या वर्णनांनी ती जगभर पसरली. प्रत्यक्षात हा मासा बराचसा भित्रा आहे. ॲन मॅगुरन आणि हेल्दर केइरोझ यांनी अ‍ॅमेझॉनच्या मामिराउआ राखीव क्षेत्रातील पिरान्हांवर केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला; त्यांना असे आढळले की दोनच्या गटातील माशांचा श्वासाचा वेग आठच्या गटातील माशांपेक्षा अधिक असतो आणि भीतीचा प्रसंग गेल्यावर मोठ्या गटातील मासे लवकर शांत होतात. थवा हा शिकारीसाठी नसून सुसर, डॉल्फिन आणि मासेमार पक्ष्यांपासून बचावासाठी असतो, असा त्याचा अर्थ. दुकानदाराने दिलेला दुसरा सल्ला ‘दोनच ठेवा, बाकीचे परत करा’ असा होता, तो मी याच कारणाने नाकारला. दोन-तीन मासे ठेवले की वरिष्ठाचा सगळा मारा एकावरच पडतो. एकतर एकच मासा ठेवावा, किंवा गट ठेवून त्याला खरी जागा द्यावी.

उपाय सुरू करताना एकेक बदल करून त्याचा परिणाम पाहणे शास्त्राला धरून झाले असते, परंतु मासे जायबंदी होत असताना तेवढा वेळ नव्हता. म्हणून बहुतेक बदल एकाच आठवड्यात केले, आणि त्यामुळे कोणत्या बदलाचा वाटा किती, हे मला वेगळे काढून सांगता येणार नाही. पाणी बदलण्याची वेळ पहाटे सहाची ठरली, जेव्हा गच्चीवरचे पाणी रात्रभरात निवलेले असते. एका वेळी एक चतुर्थांशच बदलायचे, आठवड्यातून दोनदा, आणि तेही आदल्या रात्री पिंपात भरून अँटीक्लोरीन घातलेले. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, बादलीत हलकेच पिळायचा. टाकीचे काचेचे झाकण काढून त्याजागी तारेची जाळी बसवली आणि पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा जाईल असा छोटा पंखा लावला. बाष्पीभवनामुळे दुपारचे तापमान २८-२९ वर रोखता आले. पाठीमागची आणि दोन्ही बाजूंची काच काळ्या कागदाने झाकली. ओंडका परत आला, त्याच्यासोबत आणखी दोन, आणि ते असे उभे केले की टाकीच्या एका टोकाला असलेला मासा दुसऱ्या टोकाला असलेल्यास दिसू नये. दिवा मंद केला व टायमरवर ठेवला.

वरून सावली हवी होती, तेव्हा मालकांनी गोदावरीतून पाणवेली आणण्याची तयारी दाखवली. त्या फुकट मिळतात हे खरे, पण त्यांच्या मुळांतून गोगलगायी, जळवा आणि सांडपाणी घरात येते, म्हणून नको म्हटले. तरंगणारी झाडे दुकानातूनच आणली आणि दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून मग सोडली.

खाणे एक दिवसाआड झाले, आणि ते संध्याकाळी, टाकीच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी, लांब चिमट्याने. चिलापीचे काटे काढलेले तुकडे आणि सोललेली कोळंबी, प्रत्येकी तोंडात मावेल एवढी. पंधरा मिनिटांत उरलेले काढून घ्यायचे. जिवंत गोल्डफिश टाकण्याची हौस मालकांना अधूनमधून होती, ती बंद करवली. त्या माशांत थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट करणारे विकर (एन्झाइम) असते आणि दुकानातील स्वस्त मासे रोगही घेऊन येतात. रविवारी टाकीला उपवास ठरला. मुंडकी आता इमारतीखालच्या मांजरांना जातात.

काण्याला उपायांच्या पहिल्याच दिवशी साठ लिटरच्या वेगळ्या टबात, स्पंज फिल्टर लावून ठेवले होते. लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात खडे मीठ, रोज थोडे पाणी बदलणे आणि अंधार, याखेरीज त्याला औषध दिले नाही. पिरान्हाच्या जखमा आश्चर्य वाटावे इतक्या लवकर भरतात. बाराव्या दिवशी शेपटीच्या पराला नवे, पारदर्शक टोक दिसू लागले. डोळा अर्थातच परत येणार नव्हता. त्याला मूळ टाकीत सोडताना माझी चूक झाली. दुपारी, दिवा चालू असताना सोडला. दहा मिनिटांत चार माशांनी त्याला काचेशी दाबले आणि जाळी घालून बाहेर काढावे लागले. दुसऱ्या प्रयत्नात आधी थोरल्याला तीन दिवस दुसऱ्या टबात नेले, ओंडके हलवून जागा बदलल्या, सगळ्यांना खायला घातले आणि मग अंधारात काण्याला सोडले. थोरला सर्वांत शेवटी परत आला आणि आल्यावर स्वतःच नवा कोपरा शोधत फिरला. मांडणी बदलणे हे भांडणाचे कारण आणि भांडणावरचा उपाय, दोन्ही कसे, असे मालकांनी विचारले. दर आठवड्याला बदलली की कोणाचीच जागा ठरत नाही. गटात कोणी येत किंवा जात असताना एकदाच बदलली, तर जुना मालक आणि नवा पाहुणा दोघेही सारखेच अनोळखी ठरतात. एवढाच फरक आहे, पण तो महत्त्वाचा आहे.

मे आणि जून शांत गेले. शांत म्हणजे निर्व्यंग नव्हे. परांच्या कडा कुरतडलेल्या दिसत आणि आठवड्याभरात भरून येत. एवढ्या दाटीच्या टाकीत याहून अधिक अपेक्षा ठेवणे मला व्यवहार्य वाटत नाही. मांसापर्यंत गेलेली जखम मात्र या दोन महिन्यांत एकही झाली नाही. आजींची रविवारची टकटकही कमी झाली, असे त्या म्हणाल्या.

पाऊस लागल्यावर, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, मालकांचा घाईचा फोन आला. दोन मासे, थोरला आणि दोन खाचांचा, काळे पडले होते, पोटाचा लाल रंग दिसेनासा झाला होता, आणि त्यांनी टाकीचा डावा भाग बाकीच्यांना बंद केला होता. दुकानदाराने बुरशीचे औषध दिले होते, ते सुदैवाने अजून घातलेले नव्हते. हा आजार नव्हता. ते दोघे खडीत वीतभर रुंदीचा खड्डा करत होते. लाल पोटाचा पिरान्हा वीण घालण्याआधी असाच काळवंडतो आणि घरट्याचे रक्षण करतो. निसर्गात त्याची वीण नदीच्या पाण्याच्या चढउताराशी जोडलेली असते. पावसाळी थंडावा आणि थोडे थोडे ताजे पाणी, अशी आम्हीच घालून दिलेली व्यवस्था त्यांना मानवली असावी, असा माझा अंदाज आहे. म्हणजे आक्रमकता पुन्हा वाढली होती, पण या वेळी पाणी उत्तम असल्यामुळे. एप्रिलमधील कोणताही उपाय येथे लागू नव्हता. चार मासे दीड फुटाच्या पट्टीत दाटले होते आणि धाकट्याच्या पाठीवर ताजा चावा होता.

त्याच संध्याकाळी टाकीच्या मधोमध प्लास्टिकची चौकटीदार जाळी, दोन्ही बाजूंना काचेच्या पट्ट्या चिकटवून, उभी केली. मालकांची इच्छा पिल्ले वाढवून विकण्याची होती. मी त्याला स्पष्ट नकार दिला : हजारो अंड्यांतून निघणारी पिल्ले पहिल्या महिन्यापासून एकमेकांना खातात, आणि जी उरतील ती ज्या घरांत जातील तेथील हौस संपल्यावर कुठल्या तरी बंधाऱ्यात किंवा गोदेच्या पात्रात सोडली जाणार नाहीत, याची हमी कोणीच देऊ शकत नाही. थोडी कुरकूर झाली, पण अंडी दिसल्यावर त्यांनी ती नळीने ओढून, गोठवून, कचऱ्यात टाकली. आठ-दहा दिवसांत दोघांचा रंग उजळला. जाळी मात्र काढलेली नाही.

आता मालकांना सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकी हवी आहे, आणि माझ्या मते सहा पिरान्हांसाठी तीच योग्य. तिच्यात ६८० लिटर पाणी मावते. बारा मिलिमीटरची काच, खडी आणि लोखंडी स्टँड धरून भार पावणेनऊशे किलोच्या घरात जातो, आणि तो अवघ्या बारा चौरस फुटांवर, म्हणजे सुमारे १.१ चौरस मीटरवर येतो. निवासी इमारतींच्या मजल्यासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण दोनशे किलोचा भार धरलेला असतो. म्हणून इमारतीचा नकाशा पाहून स्थापत्य अभियंत्याने जागा सुचवेपर्यंत टाकी वर न्यायची नाही, असे ठरले. अभियंता येऊन गेला. बाहेरच्या भिंतीलगत, तुळईवर, स्टँडखाली भार पसरवणारी जाड फळी घालून ठेवता येईल, असे त्याने सांगितले. ती जागा आजींच्या पलंगाची आहे. त्यांनी पलंग हलवायला होकार दिला आहे, पण टाकीच्या शेजारीच हवा, अशी त्यांची अट आहे. आवाज ऐकायला कोणीतरी हवे ना, असे त्या म्हणाल्या.